कंपनी-छापाच्या बंदुका : कळ, नळी व दस्ता यांवरून कालनिर्णय

खंडेनवमीस ज्या घरांत अद्यापि यथासांग शस्त्रपूजा होते अशा एका जुन्या इनामदार घराण्याच्या वाड्यांत ठासणीची एक बंदूक आहे. पानिपतच्या रणांतून (इ. स. १७६१) जीव वांचवून परत आलेल्या पूर्वजानें ती आणिली, अशी त्या घरची समजूत. सुमारें बारा वर्षांपूर्वीं तेथील मोडी रुमाल पाहण्यास गेलों असतां प्रस्तुत लेखकानें ती बंदूक पाहिली, नळीवरून हात फिरविला, आणि यजमानांच्या आग्रहास्तव ‘परंपरा असंभाव्य दिसत नाहीं’ असा चार ओळींचा अभिप्राय लिहून दिला. तो अभिप्राय पुढें चौकटींत बसला व बंदुकीखालीं टांगला गेला. गेल्या वर्षीं घराण्याच्या स्मरणिकेंत तो छापावयाचें ठरलें, तेव्हां तो पुनः एकवार नजरेखालीं घालावा म्हणून माझ्याकडे आला. या वेळीं मीं बंदूक उजेडांत घेऊन अवयवशः तपासली. माझा पहिला अभिप्राय चुकला होता. तो कसा चुकला आणि कोणत्या परीक्षेनें ती चूक टळली असती, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

पोथीच्या बाबतींत मीं असें केलें नसतें. पुष्पिकेंत शक दिला आहे एवढ्यावरून सबंध पोथी त्या शकाची, असें या मंडळींत कोणी म्हणणार नाहीं. पुष्पिका मूळ प्रतीवरून जशीच्या तशी उतरलेली असूं शकते, मधलीं पत्रें दुसऱ्या हातचीं असूं शकतात, पहिलें पत्र फाटल्यावर नातवानें नवें लिहून घातलेलें असूं शकतें. बंदूक हीहि अशीच अनेक हातांची वस्तु आहे. तिचे अवयव निरनिराळ्या कारागिरांनीं घडविलेले, एकानें जुळविलेले आणि पुढें दहा जणांनीं बदललेले असतात. म्हणून पहिला नियम असा कीं, कोणतीहि खूण ज्या अवयवावर आहे त्या अवयवापुरताच पुरावा देते.

प्रथम अवयवांचीं नांवें निश्चित करूं. जींतून गोळी सुटते ती नळी. तिच्या बुडाशीं बाजूस असलेलें बारीक छिद्र तो कान. तोफांच्या कानांत खिळे ठोकल्याचे उल्लेख वाचकांच्या परिचयाचे आहेतच. कानाबाहेर ज्यांत रंजक घालावयाची तो प्याला. गार तोंडांत धरणारा व चाप ओढतांच पुढें आपटणारा तो घोडा. घोडा, त्याची कमान, प्याला आणि गारेचा आघात झेलणारें पोलाद हीं सर्व ज्या लोखंडी पट्टीवर बसविलेलीं असतात त्या यंत्रास मीं कळ म्हटलें आहे व पट्टीस कळपट्टी. लांकडी अंग तो दस्ता. ठासण्याची काठी तो गज.

येथेंच एक भेद ध्यानांत ठेवावा. तोड्याच्या देशी बंदुकींत प्याला नळीलाच घडविलेला असतो. गारेच्या विलायती बंदुकींत तो कळपट्टीचा अवयव असतो. त्यामुळें देशी नळी विलायती कळेस जोडावयाची झाल्यास मूळचा प्याला छाटून काढावा लागतो, व त्या छाटणीचा व्रण कानाभोंवतीं कायम राहतो. नुसत्या बोटानेंहि तो कळतो.

आतां कळपट्टीकडे वळूं, कारण बहुतेकांची दृष्टि प्रथम तेथेंच जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या कळपट्टीवर हृदयाच्या आकाराची एक खूण असते. दोन तिरप्या रेघांनीं तिचे चार भाग केलेले, त्या भागांत व्ही, ई, आय, सी हीं चार अक्षरें, आणि माथ्यावर इंग्रजी चाराच्या आंकड्यासारखें चिन्ह. पहिलें अक्षर ‘व्ही’ असलें तरी तें ‘यू’ च्या स्थानीं आहे. ‘युनायटेड’ म्हणजे संयुक्त कंपनी असा त्याचा अर्थ. ज्यांच्या संग्रहीं जुनीं नाणीं आहेत त्यांना ही खूण नवी वाटूं नये. मुंबई इलाख्यासाठीं पाडलेल्या १७९१, १७९४ व १८०४ या सालांच्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूस तराजू व ‘अदल’ हा शब्द, आणि दुसऱ्या बाजूस हीच खूण आहे. १८०८ मध्यें कंपनीनें बंदुकांवरील ही हृदयाकृति बंद केली व तिच्या जागीं पुढच्या पंजांत मुकुट धरून उभा असलेला सिंह आणिला. म्हणजे हृदयाकृति असेल तर कळ साधारणतः १८०८ च्या पूर्वीची, सिंह असेल तर त्यानंतरची. जुन्या शस्त्रांत इतकी स्वच्छ कालरेषा फार थोड्या ठिकाणीं सांपडते.

इंग्लंडच्या राजसत्तेच्या बंदुकांवर याऐवजीं मुकुट व त्याखालीं जी. आर. हीं अक्षरें असतात. यांवरून कोणता जॉर्ज हें समजत नाहीं, कारण १७१४ पासून १८३० पर्यंत त्या नांवाचे चार राजे ओळीनें झाले. त्यापेक्षां उपयोगी खूण घोड्याच्या मागें असते. १७६४ पर्यंत सरकारी कळपट्टीवर कारागिराचें नांव व साल कोरीत असत. पुढें तें सोडून केवळ ‘टॉवर’ हा शब्द घालूं लागले. हा शब्द वाचून बंदूक लंडनच्या टॉवरमध्यें घडली असें पुष्कळ जण लिहितात. वास्तविक नळ्या, कळा इत्यादि अवयव निरनिराळ्या ठेकेदारांकडून घेऊन, तपासून व जुळवून सरकारी कोठारांत ठेवीत. ‘टॉवर’ हें त्या व्यवस्थेचें नांव आहे, घडविणाऱ्याच्या भट्टीचें नव्हे. कंपनीच्या कळांवर मात्र ठेकेदाराचें नांव अनेकदां असतें. बार्नेट, विल्सन, ली, नॉक, बेकर हीं त्यांतील कांहीं. हीं नांवें एकट्या कंपनीच्या चाकरींतील नव्हेत, तीच मंडळी सरकारचेंहि काम करीत. म्हणून नांवापेक्षां मालकाची खूण अधिक बोलकी.

मालकीच्या खुणेवर एवढा भर देण्याचें कारण असें. १७९३ मध्यें फ्रान्सशीं युद्ध जुंपल्यावर इंग्लंडच्या सरकारास बंदुका अपुऱ्या पडूं लागल्या, तेव्हां कंपनीनें आपल्या फौजेसाठीं करविलेल्या बंदुका सरकारनें घेतल्या व पुढें तोच नमुना स्वतःचा म्हणून स्वीकारला. त्यालाच ‘इंडिया पॅटर्न’ म्हणतात. त्यामुळें एकाच धाटणीच्या बंदुका दोन मालकांच्या हातीं दिसतात, आणि केवळ आकारावरून ‘ही कंपनीची’ असें सांगतां येत नाहीं.

घोड्यावरूनहि काळ सांगण्याची चाल आहे. सरकारी इंडिया पॅटर्नमध्यें १८०९ पर्यंत घोड्याची मान हंसाच्या मानेसारखी एकेरी व वळणदार असे. ती मोडते असें पाहून पुढें मध्यें भोंक ठेवून दुहेरी आधाराची मान केली. हें खरें असलें तरी घोडा एका पेंचावर बसतो आणि सबंध बंदुकींत सर्वांत आधीं तोच बदलला जातो. त्याची साक्ष शेवटीं घ्यावी.

नळीची परीक्षा करण्यापूर्वीं एक सूचना, आणि ती सर्वांत महत्त्वाची. घरांत टांगलेल्या जुन्या बंदुकींत बार भरलेलाच राहिला असण्याचा संभव असतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशें वर्षांनींहि पेट घेते. नळीच्या तोंडासमोर आपण किंवा दुसरें कोणी नाहीं असें पाहून एक लांकडी काठी अडेल तेथपर्यंत हलकेंच आंत सोडावी, तोंडाशीं तिच्यावर खूण करावी, मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून पाहावी. काठीचें टोंक कानापर्यंत पोंचत नसेल तर आंत कांहीं तरी आहे असें समजावें, तेथेंच थांबावें आणि जाणत्या शस्त्रकारास बोलवावें. याखेरीज १९५९ च्या शस्त्र-अधिनियमांत पुराणवस्तु म्हणून सवलत आहे ती ज्या हत्याराचा दुरुस्तीनंतरहि बंदूक म्हणून वापर होऊं शकत नाहीं त्यालाच आहे. केवळ जुनें आहे म्हणून परवाना नको, असें गृहीत धरूं नये.

लांबी तोंडापासून बुडापर्यंत मोजावी, बुडाशीं बसविलेल्या पेंचाचें शेपूट धरूं नये. सरकारी पलटणी बंदुकीची जुनी नळी ४६ इंचांची. १७६८ च्या सुमारास ती ४२ इंचांवर आली. कंपनीच्या नमुन्यांत ती ३९ इंचांची आहे. तिहींचा व्यास सुमारें पाऊण इंच. परंतु नळी कापून आखूड करणें ही आपल्याकडे नित्याची गोष्ट होती, म्हणून केवळ लांबी फसविते. इंग्रजी नळीवर तोंडाजवळ वरच्या अंगास संगीन अडकविण्याचा चौकोनी खुंट असतो, माशीचें कामहि तोच करितो. तो नाहींसा झाला असेल, किंवा तोंडाच्या अगदीं काठाशीं आला असेल, तर कानस कोठें लागली तें समजतें.

इंग्रज व फ्रेंच नळ्यांत मूलभूत भेद आहे तो नळी दस्त्यास बांधण्याच्या रीतींत. इंग्रजी पलटणी बंदुकीच्या नळीस खालच्या अंगानें लहान लहान कड्या जोडलेल्या असतात. दस्त्यांतून आडवे खिळे घालून त्या कड्यांत ओंवतात. फ्रेंचांनीं १७२८ च्या नमुन्यापासून नळी व दस्ता दोहोंस मिळून वेढणारीं तीन वळीं घातलीं. त्यांचा व्यासहि कमी, सुमारें ०.६९ इंच. त्यामुळें दस्ता नाहींसा झाला, वळीं वितळवून टाकलीं, खुणा झिजल्या, तरी नळी उलटी करून पाहिल्यास तिची जात कळण्याची आशा असते. कड्या कापून टाकल्या असल्या तरी त्यांचे डाग राहतात. इंग्रजी राजसत्तेच्या नळीवर कानाजवळ मुकुटाखालीं एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड असतात; लंडनच्या बंदूककार-श्रेणीनें पारखलेल्या नळीवर मुकुटाखालीं व्ही, आणि मुकुटाखालीं जी व पी. बर्मिंगहॅमचें पारखगृह १८१३ चें आहे, म्हणून त्याची खूण त्यापूर्वीच्या नळीवर असूं शकत नाहीं.

फ्रेंच धाटणीची नळी महाराष्ट्रांत सांपडल्यास नवल नाहीं. पानिपतावर लढलेला इब्राहिमखान गारदी हा बुसीच्या हाताखालीं तयार झालेला. पुढें महादजी शिंद्यांच्या कंपूंत द बॉइन व नंतर पेराँ हे फ्रेंच पद्धतीचे सेनानी होते. आणि द बॉइनच्या कंपूंसाठीं आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखालीं तोफा व बंदुका तयार होत. पण येथें एक मोह आवरावा लागतो. खूण नसलेली, विलायतीहून किंचित् ओबडधोबड दिसणारी प्रत्येक बंदूक आग्र्याच्या कारखान्याची ठरविण्याची प्रवृत्ति अलीकडे दिसते. खुणेचा अभाव ही खूण नव्हे.

दस्त्याविषयीं थोडक्यांत. इंडिया पॅटर्न हा काटकसरीचा नमुना होता. जुन्या सरकारी बंदुकांच्या मुठीवर जो पितळेचा लहानसा ढालीसारखा तुकडा असे तो यांत गाळला आहे, व गज धरणाऱ्या पितळी नळ्या चाराच्या तीन केल्या आहेत. विलायती दस्ता अक्रोडाचा. आपल्याकडे दस्ता मोडल्यावर शिसवीचा किंवा हातीं येईल त्या लांकडाचा केला जाई, आणि असा देशी दस्ता म्हणजे संग्राहकांच्या मतें दोष. मला तसें वाटत नाहीं. दस्ता बदलला असेल तर अवयव कोणत्या क्रमानें एकत्र आले हें तोच सांगतो, कारण कळेसाठीं व नळीसाठीं लांकडांत कोरलेली जागा खोटें बोलत नाहीं. मागाहून बसविलेल्या कळेभोंवतीं फट असते, ती मेणानें, लाखेनें किंवा लांकडाच्या चिपेनें भरलेली असते. दोन्ही जागा घट्ट व एका हाताच्या असतील तर ते दोन अवयव त्या दस्त्यांत एकदमच आले.

हातानें घडविलेल्या बंदुकींत आणखी एक आंतला पुरावा असतो. एका बंदुकीचा पेंच दुसरीस बसेलच असें नाहीं, म्हणून जुळविणारा कारागीर एका बंदुकीच्या अवयवांवर, कळपट्टीच्या आंतल्या अंगास, पेंचांच्या मानेवर, कानशीनें सारख्याच रेघा पाडून ठेवी. तीन रेघांच्या पट्टींत पांच रेघांचा पेंच दिसला कीं तो परका. पोथींतील पत्रांकांसारखाच हा प्रकार. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड बंदुकींत या परीक्षेस मर्यादा येते. अमेरिकेहून यंत्रें आणून एन्फील्डच्या सरकारी कारखान्यांत सुटे अवयव परस्परांत बदलतां येतील असे तंतोतंत घडूं लागले. त्याच नमुन्याच्या ठेकेदारांनीं हातानें जुळविलेल्या बंदुकांत तसें नव्हतें. पहिल्यांच्या कळपट्टीवर ‘एन्फील्ड’ व दुसऱ्यांच्या कळपट्टीवर ‘टॉवर’ असतें. बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांस दिलेल्या बंदुका याच घाटाच्या. परंतु नळींतील पिळाच्या खांचा नाहींशा करून व्यास ०.६५६ इंच केलेला आहे. पहिल्या घडणींतील अशा नळ्यांची भिंत त्यामुळें पातळ झाली, म्हणून १८५९ च्या नमुन्यांत ती जाड करावी लागली. अशी गुळगुळीत नळी पाहून ‘झिजलेली एन्फील्ड’ असें टिपण करणारे चुकतात.

अक्षरांविषयीं आपल्या वाचकांस इतरांहून अधिक अधिकार आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतों. कंपनी-छापाच्या बंदुकीवर देवनागरी अक्षरें दिसलीं कीं ती मराठ्यांच्या कारखान्यांतली, असें आपल्या मनांत चटकन् येतें. परंतु नेपाळनें एकोणिसाव्या शतकांत कंपनीच्या नमुन्यावर स्वतः बंदुका घडविल्या व त्यांवर आपल्या पलटणींचीं नांवें आणि आंकडे देवनागरींत कोरले. काठमांडूच्या सिलेखान्यांतील अशा हजारों बंदुका २००३ मध्यें अमेरिकन व्यापाऱ्यांस विकल्या गेल्या, आणि तेव्हांपासून त्यांचीं छायाचित्रें सर्वत्र दिसतात. ज्यांनीं उत्तरेकडील व दक्षिणेकडील पोथ्या हाताळल्या आहेत त्यांनीं अ, झ, ण हीं अक्षरें आणि ५, ८, ९ हे आंकडे पाहावे. उत्तरेचें वळण बहुधा लपत नाहीं. मात्र आपल्याकडील पोथ्यांतहि क्वचित् तें वळण येतें, तेव्हां एका अक्षरावर निकाल देऊं नये.

दुसरी गोष्ट लेखकप्रमादाची. वायव्य सरहद्दीवरील कारागीर इंग्रजी बंदुकांच्या हुबेहुब नकला करीत, खुणांसकट. त्यांना अक्षरें वाचतां येत नसत, तीं ते चित्रासारखीं उतरवीत. म्हणून एन् हें अक्षर उलटें पडतें, शब्दांतलें एखादें अक्षर गळतें, आणि व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्यें निवर्तल्यावरहि तिच्या नांवाच्या अक्षरांखालीं पुढचीं सालें येतात. संस्कृत न जाणणाऱ्या लेखकानें उतरलेली पोथी ज्यांनीं शोधिली आहे त्यांना हे दोष घरचेच वाटतील.

गार जाऊन टोपीची बंदूक आली, तेव्हां पुष्कळ जुन्या कळा टोपीच्या केल्या गेल्या. प्याला व पोलाद काढल्यावर कळपट्टींत उरलेलीं पेंचांचीं भोंकें लोखंडानें बुजवीत. पट्टी तिरप्या उजेडांत धरल्यास त्या बुजवणीचे गोल दिसतात. हा प्रामाणिक बदल होय. हल्लीं गारेच्या बंदुकीस मोल अधिक येतें म्हणून टोपीच्या कळेस पुनः प्याला व पोलाद बसवून विकतात, हा अप्रामाणिक. अशा वेळीं कानाची कड नवी व धारदार असते, आणि भोंवतालच्या धातूवर रंजकेनें खाल्ल्याच्या जुन्या खुणा नसतात.

आतां प्रस्तुत बंदूक. तिची कळपट्टी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुंकवानें व तेलानें भरून गेली होती. चिंच किंवा विटकर न लावतां केवळ मऊ फडक्यानें व पातळ तेलानें तीन दिवस पुसल्यावर पंजांत मुकुट धरलेला सिंह दिसूं लागला. कळ १८०८ नंतरची, म्हणजे पानिपतनंतर निदान सत्तेचाळीस वर्षांची. नळीची लांबी साडेअडतीस इंच, पण तोंड तिरपें कापलेलें. व्यास तोंडाशीं ०.७० इंच, आंत किंचित् कमी. खालच्या अंगास कड्या नाहींत व त्यांचे डागहि नाहींत. मूळचा कान बुजवून त्याच्यापुढें दोन जवांवर नवा पाडला आहे, तो बरोबर प्याल्याच्या मध्यावर येतो. दस्ता शिसवीचा, वळीं देशी पितळेचीं, आणि कळ व नळी या दोहोंच्या जागा एकाच हातानें घट्ट कोरलेल्या.

यांवरून निष्पन्न होतें तें असें. फ्रेंच धाटणीची, पूर्वीं दुसऱ्या कळेस जोडलेली एक जुनी नळी कोणा देशी कारागिरानें १८०८ नंतर कंपनीच्या कळेशीं जुळवून नव्या दस्त्यांत बसविली. बंदूक म्हणून ही वस्तु पानिपतावर नव्हती. नळी त्या काळाची असूं शकेल. वळ्यांनीं बांधावयाच्या नळ्या त्यापूर्वीं तीस वर्षें घडत होत्या. परंतु त्यानंतरहि त्या पुष्कळ वर्षें घडत होत्या, म्हणून ‘असूं शकेल’ यापलीकडे एक पाऊलहि टाकतां येत नाहीं. मीं बारा वर्षांपूर्वीं नळीवरच हात फिरविला होता, व नळीनें जें नाकारलें नाहीं तें सबंध बंदुकीनें मान्य केलें असें धरलें होतें.

हें सर्व यजमानांस सांगणें सुखाचें नव्हतें. ते ऐंशीच्या घरांतले गृहस्थ, बराच वेळ सिंहाकडे पाहत राहिले व मग म्हणाले, “गुरुजी, मग नवमीला पूजा कुणाची करायची?” मीं म्हटलें कीं पूजेस माझा आक्षेप नाहीं, चौकटीस आहे. चौकट त्यांनीं स्वतः उतरविली. स्मरणिकेंत आतां कळ, नळी व दस्ता यांचें निरनिराळें वर्णन मोजमापांसह छापावयाचें आहे, व घरची परंपरा ‘परंपरा’ या शब्दाखालीं स्वतंत्र दिली जाणार आहे. नळीच्या बुडाचा पेंच गंजून धरला असल्यामुळें तिच्या पोटाशीं शेवटच्या चार इंचांत खूण आहे किंवा कसें तें पाहतां आलें नाहीं. जोर लावल्यास दस्ता फुटेल असें शस्त्रकाराचें मत पडल्यावरून तो तसाच ठेविला आहे.